वाडा आमचा, बिऱ्हाड त्यांचे

"तुमचे काय बुवा! पेठेत वाडा आहे, खाली भाडेकरू आहे, वर स्वतः राहता. मजा आहे!"

आमच्या महाविद्यालयात प्राध्यापकांच्या खोलीत असे कोणी म्हणाले की मी नुसता हसतो. पुढचा प्रश्न ठरलेला असतो, "मग भाडे किती येते?" खरे सांगायची लाज वाटते आणि खोटे सांगावे तर ऐकणारा उद्या हातउसने मागायला येईल अशी भीती वाटते. पण दिवाळी अंकाच्या वाचकांपासून काय लपवायचे? १९६२ साली आमच्या आजोबांनी शुक्रवार पेठेतल्या वाड्याच्या खालच्या दोन खोल्या महिना १८ रुपयांनी एका गृहस्थांना दिल्या. आज २०२५ साल संपत आले. त्या खोल्या अजून परत यायच्या आहेत.

ते गृहस्थ, म्हणजे आमचे नाना, गडहिंग्लजकडून बदली होऊन कोल्हापुरात आले होते. सरकारी कचेरीत कारकून. एक ट्रंक, एक वळकटी, एक पितळी बंब आणि नवी लग्न झालेली बायको एवढे सामान. आजोबांनी माणूस बघितला, पगार विचारला, "पाणी शेंदायला लाजत नाही ना?" एवढे विचारले आणि किल्ली दिली. करार नाही, अनामत नाही. आजोबांच्या वहीत एक ओळ आहे, तीत नाव, तारीख आणि '१८ रु. दरमहा, दिवाबत्ती वेगळी'. पुढे तीस वर्षे आमच्या घरी जे दावे, अर्ज आणि कैफियती झाल्या, त्या सगळ्यांचा पाया ही एक ओळ.

'बिऱ्हाड' हा शब्द मी वर्गात शिकवतो तेव्हा मुलांना सांगतो की तो कानडीतल्या 'बिडार' वरून आला, आणि त्याचा अर्थ मुक्काम, तळ. म्हणजे मुळात आज आहे, उद्या उठेल असा. विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर असते, ते याच अर्थाने. आमच्या खालच्या मजल्यावर मात्र या शब्दाचा अर्थ पार बदलून गेला. तिथले बिऱ्हाड स्थिर झाले आणि पाठीवर कोणाच्या असेल तर ते आमच्या आहे!

हे असे का झाले हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. भाडे बांधून ठेवण्याची कल्पना आपली नव्हे, ती लढाईची. पहिल्या महायुद्धात ग्लासगो शहरात दारूगोळ्याच्या कारखान्यांत कामाला माणसे लोटली, घरमालकांनी भाडी चढवली आणि नवरे आघाडीवर गेलेल्या बायकांनी १९१५ साली भाडेबंदी पुकारली. मेरी बार्बर नावाची बाई त्यांच्या पुढे होती. इंग्लंडच्या सरकारने त्याच वर्षी भाडी गोठवणारा कायदा केला. १९१८ साली मुंबईत तसाच कायदा आला. दुसरे महायुद्ध, मग फाळणी, निर्वासितांचे लोंढे, आणि त्यातून १९४७ चा मुंबई भाडे नियंत्रण कायदा. १ सप्टेंबर १९४० रोजी जे भाडे होते ते 'प्रमाण भाडे', आणि जागा त्यानंतर पहिल्यांदा दिली असेल तर पहिल्यांदा जे ठरले ते. १ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले, आणि पुढे हा कायदाही आमच्या दारी आला. आजोबांनी १८ रुपये म्हटले तेव्हा त्यांना वाटले, पुढच्या वर्षी २० करू. कायद्याच्या दृष्टीने मात्र त्यांनी तो आकडा दगडावर कोरला होता.

कायदा तेव्हा योग्यच होता हे मी मोकळेपणाने मान्य करतो. युद्धाच्या दिवसांत माणसे रस्त्यावर पडली असती. पण तात्पुरता म्हणून आलेला हा पाहुणा मुदतीमागून मुदत वाढवून अर्धशतक मुक्कामाला राहिला. अखेर १९ डिसेंबर १९९७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने मालपे विश्वनाथ आचार्य यांच्या खटल्यात सांगितले की प्रमाण भाडे गोठवणाऱ्या या तरतुदी काळाच्या ओघात अवाजवी आणि मनमानी झाल्या आहेत. तरी न्यायालयाने त्या रद्द केल्या नाहीत. कायद्याची मुदत ३१ मार्च १९९८ ला संपतच होती, तेव्हा शासनाने नवा, न्याय्य कायदा करावा अशी अपेक्षा ठेवली. जुन्यालाच आणखी मुदत मिळत मिळत १९९९ चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा ३१ मार्च २००० पासून लागू झाला. वडिलांनी त्या दिवशी पेढे आणले होते. नव्या कायद्याने जुन्या भाड्यावर ५ टक्के वाढ दिली आणि पुढे दर वर्षी ४ टक्के. मी चक्रवाढीने हिशेब मांडून पाहिला. कर वगळून आमचे भाडे आज कुठे ५० रुपयांच्या आसपास पोचते. पेढ्यांचा खर्च अजून वसूल झालेला नाही.

आता कोणी म्हणेल, जुना वाडा, फुकट मिळालेला, तुमचे जाते काय? तर वाडा हा हत्ती आहे. पांढरा म्हणत नाही, कारण चुना लावून बरीच वर्षे झाली. नदीकडच्या बाजूची भिंत दर पावसाळ्यात ओल धरते. मंगलोरी कौले आता बदलायला मिळत नाहीत. तुळईला वाळवी लागली तर सुतार आधी किंमत सांगतो आणि मग तुळईकडे बघतो. कायद्याने दुरुस्ती मालकाने करायची. त्याने केली नाही तर भाडेकरूने नोटीस देऊन करावी आणि खर्च भाड्यातून कापून घ्यावा. मात्र एका वर्षात भाड्याच्या चौथ्या हिश्श्याहून जास्त कापता येत नाही. १८ रुपयांच्या हिशेबाने वर्षाचे २१६, त्याचा चौथा हिस्सा ५४ रुपये. तेवढ्यात गवंडी जिना चढून वर येत नाही. म्हणजे आम्हाला परवडत नाही म्हणून आम्ही करत नाही, आणि त्यांना वळते होत नाही म्हणून ते करत नाहीत. भिंत मात्र कोणाची वाट बघत नाही. उद्या ती कोणाच्या अंगावर पडली तर पोलीस कोणाला शोधत येतील, हा विचार मनात आला की जून महिन्यात मला रात्री झोप लागत नाही.

नाना १९८४ साली वारले. कायद्याप्रमाणे त्यांच्याबरोबर राहणारे कुटुंब भाडेकरू झाले, म्हणजे काकू आणि त्यांचे चिरंजीव तात्या. हे तात्या माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठे. लहानपणी मला खांद्यावर बसवून खासबागेत कुस्त्या दाखवायला नेणारे. त्यांच्याविरुद्ध माझ्या वडिलांनी २००३ साली दावा लावला, तो माझ्यासाठी. माझे लग्न करायचे होते आणि वर दोनच खोल्या होत्या. मालकाला स्वतःला जागेची खरी गरज असेल तर ती मागता येते. पण तेवढ्याने भागत नाही. जागा दिली नाही तर मालकाची अडचण मोठी, की काढून घेतली तर भाडेकरूची मोठी, हे न्यायालय तोलून बघते, आणि पारडे अधेमधे राहिले तर जागेच्या काही भागापुरताच हुकूम करते.

सहा वर्षांनी, २००९ साली, निकाल लागला. दोन खोल्यांपैकी एक मालकाला द्यावी, एक भाडेकरूने ठेवावी. ऐकायला शहाणपणाचा वाटतो, पण न्हाणी दोन खोल्यांच्या मधे आहे! आंघोळ कोणी कधी करायची याचे निकालपत्रात काही नव्हते. दोघांनीही अपील केले. जिल्हा न्यायालयाने २०१४ साली आमचा सगळाच दावा काढून टाकला. कारण काय? तर मधल्या काळात, २००७ साली, माझे लग्न झाले होते. वरच्या एका खोलीत प्लायवुडची भिंत घालून आम्ही संसार मांडला होता. जागा मिळाली नाही म्हणून आम्ही भागवले, आणि भागवले म्हणून आम्हाला जागेची गरज नाही असे सिद्ध झाले. मी भाषेचा माणूस; न्यायाधीशमहाराजांच्या वाक्यात मला व्याकरणाची चूक काढता आली नाही.

दावा चालू असताना एका वाड्यात राहणे ही काय चीज आहे ते अनुभवल्याशिवाय कळायचे नाही. वकिलांनी सांगितले, तोंडी काही बोलायचे नाही, सगळे लेखी. मग खालच्या मजल्यावरून वरच्या मजल्याला रजिस्टर पोचपावतीने पत्रे येऊ लागली. भाडे मनीऑर्डरने, पुढे पुढे कोर्टात भरून. पोस्टमन बिचारा खालच्या दारावरून जिना चढून वर यायचा, सही घ्यायचा, आणि आई त्याला पाणी द्यायची. एकदा तो म्हणाला, "वहिनी, खालनं नुसती हाक मारली असती तरी चाललं असतं की!" वडिलांचे तर पोलीसखातेच झाले. तात्यांच्या मुलाने पुण्यात घर घेतले असे कोणीतरी सांगितले. भाडेकरूची दुसरीकडे सोय झाली असेल तर दाव्याला बळ येते. वडील सत्तरीच्या उंबरठ्यावर, डोक्याला टोपी घालून पुण्याला जाऊन आले. हिंजवडीच्या बाजूला चौकशी केली. तर घर भाड्याचेच निघाले. महिना २२,००० रुपये, अकरा महिन्यांचा करार, दर वर्षी मालक म्हणेल तेव्हा बोचके उचलायचे. १८ रुपयांच्या भाडेकरूचा नातू! वडील परत आले आणि दोन दिवस काही बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "तात्याचा पोरगा वाळलाय रे."

एक गोष्ट मात्र या तेवीस वर्षांत कधी चुकली नाही. दिवाळीचे ताट. नरकचतुर्दशीला आईचे ताट खाली जाते आणि काकूंचे वर येते. वकिलांना हे कळले तेव्हा ते जरा नाराज झाले. चकलीने प्रकरणाला बाध येतो का, हे त्यांनाही नक्की सांगता आले नाही.

वडील २०१७ साली गेले. वारस म्हणून माझे नाव लागले आणि मुंबई उच्च न्यायालयातल्या रिटचे बाड माझ्याकडे आले. रात्रीच्या महालक्ष्मी एक्स्प्रेसने जायचे, सकाळी मुंबईत वकिलांना गाठायचे आणि आपला नंबर आज येत नाही हे ऐकून रात्रीच्या गाडीने परत. रजा, तिकीट, वकिलांची फी. यात किती गेले ते मी हिला कधी सांगितले नाही आणि तिने कधी विचारले नाही.

तोवर मागणीच बदलून गेली होती. आईचे गुडघे गेले. आमचा जिना जुना, लाकडी, उभा, हाताशी दोर धरून उतरायचा. आई गेली सात-आठ वर्षे जवळजवळ वरच कोंडल्यासारखी आहे. अंबाबाईचे देऊळ चालत पंधरा मिनिटांवर, पण तिला सणासुदीलासुद्धा खुर्चीत बसवून दोघांनी उचलून उतरवावे लागते. खालची एक खोली मिळाली तर ती अंगणात तरी बसेल. आणि खाली काकू आहेत, आज ८६ वर्षांच्या, मांडी मोडल्यापासून अंथरुणावर. त्यांना कुठे हलवायचे? तात्यांची बेताची पेन्शन. आजच्या भाड्याने त्यांना उपनगरात एक खोली घेता येणार नाही. कोणाची अडचण मोठी, हे न्यायालयाने ठरवायचे आहे. मला स्वतःला विचारले तर मला ते ठरवता येत नाही, आणि मी वादी आहे.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेला पूर आला. ४३ फुटांची धोक्याची पातळी तिने केव्हाच ओलांडली आणि पाणी ५५ फुटांवर गेले. संध्याकाळी गल्लीच्या तोंडाशी असलेले पाणी रात्री दोनला अंगणात होते. तात्यांनी खालून हाक मारली. बऱ्याच वर्षांत पहिल्यांदा, पोस्टाशिवाय. मी आणि माझा धाकटा भाऊ खाली धावलो. कमरेएवढ्या पाण्यातून आम्ही तिघांनी काकूंना गादीसकट उचलले आणि त्या उभ्या जिन्यावरून वर आणले. अंधारात तात्या मागून सारखे म्हणत होते, "सर, हळू. सर, हळू." लहानपणी ते मला 'बाळ्या' म्हणत. दावा लागल्यापासून 'सर' झालो.

आठ दिवस सगळे वर. आईच्या खोलीत आईच्या शेजारी काकू. वीज नाही, नळाला पाणी नाही, बोटीतून आलेली दुधाची पिशवी दोन घरांत वाटायची. म्हाताऱ्या दोघी रात्र रात्र बोलत होत्या. नानांविषयी, आजोबांविषयी, १९७२ च्या दुष्काळात मिळालेल्या मिलोच्या भाकरीविषयी. एका रात्री काकू म्हणाल्या, "वहिनी, तुमच्या खोलीला वारा चांगला आहे हो." आई म्हणाली, "आणि तुमच्या खोलीला अंगण आहे." मग दोघी हसल्या. प्लायवुडच्या अलीकडे मी जागा होतो.

पाणी उतरले. तीन दिवस सगळ्यांनी मिळून गाळ काढला. आणि पंधराव्या दिवशी रजिस्टर पत्र आले. खालच्या भिंतीचा गिलावा पडला आहे, मालकाने दुरुस्त करून द्यावा, न केल्यास कायदेशीर इलाज करावे लागतील. मला संताप आला. पत्र घेऊन मी जिना उतरलो. तात्या दारातच बसले होते. म्हणाले, "वकील म्हणले, पाठवायलाच पाहिजे, न्हाईतर पुढं अडचण येईल. रागावू नका." मी माझ्या वकिलांना फोन केला, तर तेही म्हणाले, "उत्तर पाठवायलाच पाहिजे." पाठवले. गिलावा मात्र मी करून घेतला, आणि तात्यांनी सिमेंटची दोन पोती आणली. त्या पोत्यांचा उल्लेख दोघांच्याही कागदपत्रांत कुठे नाही. २०२१ च्या जुलैत पाणी पुन्हा आले आणि तो गिलावाही गेला.

आमचे हे रडगाणे ऐकून कोणी समजेल की जुन्या वाड्यांचेच असे आहे. नव्या फ्लॅटवाल्यांना काय त्रास? माझ्या एका सहकाऱ्याने निवृत्तीची सोय म्हणून कळंब्याकडे कर्ज काढून फ्लॅट घेतला आणि एका दांपत्याला अकरा महिन्यांच्या कराराने दिला. करार मुद्रांकावर, नोटरीपुढे. त्याला वाटले, काम पक्के. पण १९९९ च्या कायद्याने भाड्याचा किंवा 'लीव्ह अँड लायसन्स'चा करार लेखी तर पाहिजेच, शिवाय नोंदवलेला पाहिजे. अकरा महिन्यांचा असला तरी. नोंदवण्याची जबाबदारी मालकाची. न नोंदवला तर मालकाला शिक्षा आहेच, पण त्याहून वाईट म्हणजे कोणत्या अटींवर जागा दिली याबाबत, उलट सिद्ध होईपर्यंत, भाडेकरू म्हणेल ती पूर्व दिशा! तेच झाले. अकरा महिन्यांनी ते गृहस्थ म्हणाले, "मी कायमचा भाडेकरू आहे, कागद नुसता दाखवायला केला होता." भाडे बंद. विजेचे बिल थकले. फ्लॅटचा हप्ता मात्र बँक दर महिन्याच्या पाच तारखेला कापत होती. करार नोंदवला असता तर मुदत संपल्यावर सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करून जागा लवकर सोडवता आली असती, आणि अडवून बसल्याबद्दल दुप्पट रक्कम मागता आली असती. शेवटी माझ्या सहकाऱ्याने त्यांना रोख पैसे दिले, टेंपोचे भाडे दिले, तेव्हा ते गेले. पूर्वी भाडेकरू आत येताना पागडी देत असे. आता मालक बाहेर जाताना देतो.

मराठीच्या मास्तराला एक तक्रार करू द्या. आमच्या साहित्यात घरमालकाची बाजू कोणी घेतल्याचे मला आठवत नाही. १९५८ साली पु. ल. देशपांड्यांची 'बटाट्याची चाळ' आली, तीही अर्थात चाळकऱ्यांची. आणि रागावण्यासारखे त्यात काही नाही, कारण आमची जातही तशी साधी नव्हे. पाणी तोडणारे, वीज तोडणारे (कायद्याने तो गुन्हा आहे), मुद्दाम कौले काढून ठेवून पावसाला बोलावणारे, वाडा पडावा म्हणून देव पाण्यात घालणारे मालक मी याच पेठांत पाहिले आहेत. आणि जागा दाखवण्याआधी "आपण कोण?" असे विचारणारे तर आजही गल्लोगल्ली आहेत. आडनाव ऐकून "खोली कालच गेली" म्हणणारे. शाहूमहाराजांनी १९०१ पासून या गावात निरनिराळ्या समाजांच्या मुलांसाठी वसतिगृहे उभी केली, ती का करावी लागली याचा विचार आम्ही करत नाही.

पण भीतीही खोटी नाही. २०११ च्या जनगणनेत देशाच्या शहरांत १ कोटी १० लाखांच्या आसपास घरे रिकामी आढळली. सगळी काही भाडेकरूच्या भीतीने नव्हेत. पण माझ्याच ओळखीची तीन घरे कुलूप लावून पडली आहेत, कारण मालकाने कोणाचा तरी माझ्यासारखा अनुभव ऐकला आहे. आणि त्याच गल्लीत खेड्यातून शिकायला आलेली माझी विद्यार्थिनी खोली शोधत फिरते आहे. केंद्र सरकारने २०२१ साली नमुन्याचा भाडेकायदा मंजूर केला, पण तो नमुनाच. स्वीकारायचा की नाही हे राज्यांनी ठरवायचे. माझ्या भिंतीला त्याने काही टेकू मिळाला नाही.

एक सोय मात्र झाली. १८ ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच कोल्हापुरात बसू लागले. त्यासाठी इथल्या वकिलांनी कितीतरी वर्षे आंदोलन केले होते. आमचे बाड इकडे येणार म्हणून कळले तेव्हा सगळ्यात आधी तात्याच वर आले, जिना चढून, दम खात. त्यांनाही महालक्ष्मी एक्स्प्रेसचा खर्च परवडत नव्हताच.

या दिवाळीच्या आधी तारीख लागली. आदल्या रात्री मी कागद लावत बसलो होतो. खालून हाक आली.

"सर, उद्या कोर्टात स्कूटरवरनंच जाणार न्हवं?"

"हो, का?"

"मग मलाबी घ्या की मागं. रिक्षावाला साठ रुपये मागतोय."

साठ रुपये म्हणजे महिन्याच्या भाड्यापेक्षा जास्त, हे माझ्या मनात आले, पण मी बोललो नाही. आईने आतून विचारले, कोण आहे म्हणून. मी सांगितले. ती म्हणाली, "मग येताना काकूंचे मलम घेऊन या म्हणावे, संपलेय त्यांचे. आणि माझेही."

साडेनऊला निघू, असे ठरले.